आधी मागची विंग

आमच्या मेहकरला रेल्वे नाही, कधी नव्हतीच. शाळेत 'माझा रेल्वेप्रवास' असा निबंध आला की आम्ही पोरं एसटीचीच आगगाडी करून लिहायचो. बाई मार्क द्यायच्या, कारण त्याही एसटीनंच यायच्या. गेल्या हिवाळ्यात मी मुंबईच्या उपनगरांत आठवडाभर फिरून आले ते रेल्वेच्याच कामासाठी, आणि ते सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

माझे बाबा एसटी डेपोत मेकॅनिक होते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सिव्हिल इंजिनिअर झाले, नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत लागले, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही, बरंच वाटतं. आमच्या कंपनीकडे एक मोठं काम आलं होतं. मुंबईहून निघून घाट चढून, पठारावरून आमच्या भागात येऊन पुढे नागपूरला जाणारी अतिवेगवान रेल्वे कागदावर आखलेली आहे. सगळी एकदम बांधता येणार नाही, म्हणून तिचे चार तुकडे पाडले होते: उपनगरांचा, घाटाचा, पठाराचा आणि आमचा. कोणता आधी बांधावा यावर आम्ही मत द्यायचं. चौघा इंजिनिअरांनी एकेक तुकडा पायाखाली घालायचा. साहेबांचा नियम एकच, स्वतःच्या गावचा तुकडा कोणाला नाही. म्हणून मला उपनगरं मिळाली.

पण मत मी जायच्या आधीच ठरवलं होतं. आमचा तुकडा पहिला. जमीन मोकळी, डोंगर नाही, खाडी नाही, लोक राजी. मुंबईला आणखी एक रेल्वे कशाला हवी? फोनवर बाबांना तसं बोललेही. बाबांनी ते स्वतःपाशी ठेवलं असतं तर बाबा कसले! दोन दिवसांत साऱ्या गावाला ठाऊक.

बोरीवली

मला घ्यायला आला होता आमच्या मुंबईच्या ऑफिसातला संकेत परब. माझ्याच वयाचा, सर्वेक्षक. "अगं, बॅग दे इकडे, आणि चहा घेतलास का?" हे त्याचं पहिलं वाक्य. आमच्याकडे ओळख नसलेल्या बाईला कोणी असं अरेतुरे केलं तर भांडण होईल. तिथे तासाभरात मीही त्याला "अरे" म्हणायला लागले आणि मला हलकं हलकं वाटलं. तिथे 'तू' म्हणजे जवळ बस, एवढाच अर्थ.

उतरायची सोय त्याच्याच घरी होती. आजोबा मालवणकडून गिरणीत आलेले, आता घर बोरीवलीत, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. मुंबईत डोंगर दिसेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला होता, 'बिबट्या मागच्या भिंतीवर बसला होता, कचरा टाकायला जाताना जपून.' त्याखाली लगेच दुसरा निरोप, 'पाणी आज उशिरा येईल.' दोन्हींना सारखेच अंगठे. मी संकेतच्या आईला विचारलं, "काकू, भीती नाही वाटत?"

"बिबट्याची कसली गो? तो येता नि जाता. पाण्याचा काय ता सांग."

त्या रात्री माझी फजिती झाली. काकूंनी घावणे आणि कोलंबीचं सार केलं होतं. दोन घावणे झाल्यावर काकू म्हणाल्या, "आणखी?" मी म्हणाले, "नको." आमच्याकडे पहिलं 'नको' हे नुसतं वळण असतं. दुसऱ्यांदा आग्रह, तिसऱ्यांदा ताटात पडतंच. काकूंनी "बरं" म्हटलं आणि तवा खाली उतरवला. मी उपाशी झोपले. सकाळी संकेतला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. "आई, हिला नको म्हणजे हवंय गं!" तेव्हापासून काकू मला विचारायच्याच नाहीत, वाढायच्या. पण मला त्यांची पहिली पद्धत आवडली. एकदा विचारायचं आणि समोरच्याच्या शब्दाला शब्द मानायचं.

थंडीचं म्हणाल, तर लोक सकाळी कानटोप्या घालून फिरत होते. मी अर्ध्या बाह्यांत. आमच्याकडच्या जानेवारीत यांना आणून ठेवलं तर सगळं बोरीवली शेकोटीभोवती बसेल.

घाटकोपर

आखलेला मार्ग घाटकोपरच्या टेकडीखालून बोगद्यातून जातो. बोगद्यावर काय आहे ते पाहायला आम्ही टेकडी चढलो. पायऱ्या अशा उभ्या की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर. दोन्ही बाजूंना घरं, एकाची गच्ची ती दुसऱ्याचं अंगण. आणि स्वच्छ! प्रत्येक उंबऱ्यासमोर धुतलेली फरशी, डब्यांत तुळस, कोरफड, कढीपत्ता. जिथे हातभर जागा आहे तिथेही कोणी ती वाया घालवलेली नाही.

आम्ही नकाशा उघडला तसे लोक जमले. एक तरुण रिक्षावाला होता, त्यानं सरळ विचारलं, "मॅडम, खालून खोदणार म्हणजे आमची घरं हलणार?"

मी म्हणाले, "बोगदा खूप खोल आहे, खडकातून आहे. पण हलणार नाही असं आज लिहून देणार नाही. आधी घरं तपासतील, मगच खोदतील, एवढं मी माझ्या अहवालात मागणार."

"चला, खोटं तरी नाय बोलली," तो म्हणाला आणि मला बसायला स्टूल दिलं.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. जाड भिंगांचा चष्मा, पांढरं पातळ. "कुठची व तू पोरी? बोली तिकडली वाटते."

"मेहकरची, आजी."

"अवं माय! म्या सिंदखेडराजाची!"

मग काय, हात धरून घरात. कस्तुराबाई इंगळे त्यांचं नाव. महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, नातू वकिलीला आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली नातवाची पुस्तकं. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे आला. मुंबईत पोचल्यापासून पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं मिरचीमुळे नव्हतं.

"ते गाडी मेहकरात थांबन का?" त्यांनी विचारलं.

"थांबेल."

"मंग तिकूनच सुरू करा. इकडच्यायले काय कमी हाय? माही बहीण हाय तिकडं, गुडघ्यानं बसली. भेटाले जाचं म्हनलं तं रातभर बस. आता माह्याच्यानं होत नाही व."

मी संकेतकडे पाहिलं. "ऐकलंस? तुझ्या मुंबईतली बाईच म्हणतेय."

"ऐकलं बाई, ऐकलं," तो म्हणाला. "ठेचा दे जरा इकडे."

टेकडी उतरताना माझं मत आणखी घट्ट झालं होतं.

मुलुंड

मुलुंड हे मला सगळ्यात आवडलेलं गाव. गावच म्हणते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे सरळ रस्ते आणि त्यांवर झाडांच्या कमानी. पूर्वेकडे मिठागरं आहेत. सकाळी तिथे पोचलो तेव्हा लांबवर पाण्यात गुलाबी रेघ दिसली. म्हटलं, काय आहे? संकेत म्हणाला, "रोहित पक्षी. फ्लेमिंगो." हजारोंनी उभे. आमच्या लोणारच्या काठावर मी पक्षी पाहिलेत, पण मागे उंच इमारती आणि पुढे हे गुलाबी पाणी असं चित्र माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

पाहता पाहता मी बांधावरून एक पाऊल बाजूला टाकलं. गुडघ्यापर्यंत आत! काढलं तर पाय आला, बूट आला नाही. संकेतनं काठीनं ढवळून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आपण भूसंपादन करायला आलो आणि जमिनीनंच तुझं केलं. नुकसानभरपाई मिळणार नाही." उरलेला दिवस मी रस्त्यावर घेतलेल्या निळ्या रबरी चपलांत काढला. सभेलाही त्याच.

सभा म्हणजे आखणीच्या कडेला राहणाऱ्या एका सोसायटीच्या लोकांशी बोलणं. दर रविवारी संध्याकाळी त्यांची स्वतःची मीटिंग असते, तिच्यातच आम्हाला वेळ दिला होता. जागा: नव्या उंच इमारतीखालचं पार्किंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासमध्ये चहा, मोठ्या डब्यात ढोकळा. त्या इमारतीच्या मागे दुसरी एक इमारत अर्धवट उभी होती, डोक्यावर सळया बाहेर आलेल्या. मी ती पाहिली आणि सोडून दिली.

सेक्रेटरी होत्या शेट्ये काकू, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आवाज असा की माईक लागत नाही. "बोल गं तू. थोडक्यात बोल, पुढे आमची भांडणं आहेत."

मी नकाशा लावला. चार तुकडे रंगवलेले. "हे बघा, हिरवे तुकडे सोपे. मोकळी जमीन आहे. ते आधी करायचे. गाडी लवकर धावताना दिसेल, लोकांचा विश्वास बसेल. लाल तुकडे दोन, घाटाचा आणि तुमच्याकडचा. बोगदा, खाडी, इमारती, परवानग्या. ते शेवटी. तेव्हा तुम्ही काळजी करू नका, इतक्यात कोणी त्रास देणार नाही."

मला वाटलं, सुटकेचा श्वास टाकतील. तर अख्खं पार्किंग हसायला लागलं.

"अगं, हे तर आमच्या बिल्डरचं भाषण!" शेट्ये काकू म्हणाल्या.

"सेम टू सेम!" मागून कोणी ओरडलं. "नकाशापण हिरवा-लालच होता!"

"तो पेढे तरी वाटायचा. हिनं पेढेपण नाही आणले."

माझे कान तापले. निळ्या चपला खुर्चीखाली ओढून घेतल्या. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला समजेल असं सांगितलं.

त्यांची जुनी चाळीसारखी सोसायटी, दोन विंगा. पाडून नव्या बांधायचं ठरलं. पुढची विंग रस्त्यावर, सोपी. मागची नाल्याला लागून. तिथे संरक्षक भिंत, वेगळ्या परवानग्या, कटकट. बिल्डर म्हणाला, आधी पुढची उभी करतो, विश्वास बसेल, मग मागची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढची झाली. ए विंगच्या लोकांना चाव्या मिळाल्या, वरचे मजले विकले गेले. मग बिल्डरला मागच्या विंगेची गरजच उरली नाही. काम थांबलं ते थांबलंच. बी विंगची माणसं अकरा-अकरा महिन्यांचे करार करत कांदिवलीपासून बदलापूरपर्यंत भाड्याच्या घरांत पांगली.

"आणि आमचे ए विंगवाले?" काकू म्हणाल्या. "आधी खांद्याला खांदा लावून भांडायचे. चावी मिळाली आणि गुल. वाईट नाहीत गं ती माणसं. चावी मिळालेला माणूस मीटिंगला येत नाही, एवढंच. इथे ए विंगचा कोण आहे, हात वर करा."

एकच हात वर झाला. ढोकळ्याच्या डब्याशेजारी बसलेले छेडाभाई.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही का येता?"

ते ओशाळले. "रोज सकाळी गॅलरीत चा घेते ना, समोर ह्या लोकांची सळिया दिसते. चा गोड नाय लागत."

"आता तू सांग," काकू माझ्याकडे वळल्या. "तुझी हिरवी गाडी तिकडे धावायला लागली. नारळ फुटला, हार झाले. मग तुमच्या गावचे लोक आमच्या बोगद्यासाठी भांडायला येणार का?"

"येतील ना," मी म्हणाले. आवाज माझा मलाच पटला नाही.

"बरं, आणि बोगदा झालाच नाही तर ती गाडी जाणार कुठे?"

"घाटाच्या वरच थांबेल."

"मग?"

"मग... बस."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला कस्तुराबाई दिसल्या. आमचा तुकडा पहिला झाला तरी त्यांना घाटापलीकडे न्यायला पुन्हा बसच लागणार होती.

मी हट्टानं म्हणाले, "काकू, तुमच्याकडे निदान गाड्या आहेत. आमच्याकडे साधी रेल्वेसुद्धा कधी आली नाही. आम्हीच नेहमी शेवटी का?"

"तुझं बरोबर आहे," काकू म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "म्हणून तुला शेवटी रहा म्हणत नाही. आम्ही आता काय केलंय ते उद्या सकाळी येऊन बघ. आज ढोकळा खा."

स्लॅब

सकाळी गेलो तर मागच्या इमारतीवर नव्या मजल्याचा स्लॅब टाकायची तयारी चालली होती. खाली काँक्रीटची गाडी गरगरत होती. बी विंगमधली पंधरा-वीस माणसं लांबून लांबून आली होती, कोणी ऑफिसचे कपडे घालून, कोणी पोराला शाळेत सोडून. प्रत्येक स्लॅबला येतात म्हणे. काकूंनी डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं, शिडीनं वर चढून नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा सळया बांधणाऱ्या मुकादमाच्या हातावर ठेवला. "पाणी नीट मारा हां यावर, नाहीतर मी इथेच झोपायला येईन." तो म्हणाला, "मौशी, तुम आओगी ही, मालूम है."

जुन्या बिल्डरला काढून नव्याशी यांनी वेगळा करार केला होता. विक्रीसाठी त्याला पुढच्या इमारतीवर आणखी मजले चढवायचे आहेत. पण मागे एक स्लॅब झाला की पुढचा एक मोकळा. मागे काम थांबलं की पुढचंही थांबलं. हे कोणा वकिलानं सुचवलं नव्हतं. भाड्याच्या घरांत राहून, रविवारमागून रविवार पार्किंगमध्ये भांडून या लोकांनी ते स्वतः शोधून काढलं होतं.

छेडाभाई माझ्या शेजारी उभे होते, मान वर करून. "अजून थोडा वर गेला ना," ते म्हणाले, "तर माझ्या गॅलरीतून डोंगर दिसनार नाय." आणि असे खूश होऊन हसले, जणू लॉटरीच लागली.

मी पुष्कळ पुस्तकं वाचून इंजिनिअर झाले आणि त्याचा मला अभिमान आहे. पुस्तकांत कामाचा क्रम ठरवायचा म्हणजे खर्च आणि वेळ पाहायचा. काम अर्ध्यावर आलं की कोण भांडायला उरेल आणि कोण घरी जाईल, हे तिथे कुठे लिहिलेलं नाही. ते मुलुंडच्या पार्किंगमध्ये आहे. मुंबईची माणसं घाईची, कोणाचं ऐकून घेत नाहीत, असं आपण समजतो. मी पाहिलेली माणसं वर्षानुवर्षं आपली सुट्टी मोडून, एकमेकांवर ओरडून, मागच्या विंगेसाठी एकत्र बसत होती. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले. जोडले असते तर काकू ओरडल्या असत्या, म्हणून हेल्मेट परत केलं आणि निघाले.

परत

नागपूरला येऊन मी माझं मत लिहिलं. उपनगरांचा आणि घाटाचा, हे अवघड तुकडे आधी सुरू करावेत. पठाराचं आणि आमच्याकडचं काम वेगळं सोडू नये, त्यांच्याशी बांधून टाकावं. बोगदा जेवढा पुढे सरकेल तेवढंच सोप्या तुकड्याचं काम मोकळं व्हावं. घाटकोपरच्या टेकडीवरची घरं तपासल्याशिवाय खोदाई नको, हेही घातलं. साहेबांनी दोनदा वाचलं. "स्वतःच्या गावाला मागे लोटणारी इंजिनिअर पहिल्यांदाच पाहतोय," म्हणाले आणि अहवालात जसंच्या तसं घेतलं. शेवटचा निर्णय वर होईल. तो आमच्या हातात नाही. पण खाली सही माझी आहे.

मेहकरच्या वाचकांनो, ही हकिगत मी त्यासाठीच लिहिली. आपला तुकडा पहिला करा, असं मी लिहिलं नाही. लिहिता आलं असतं. गाडी घाटाशी येऊन थांबली असती, आपण हार घालून घरी गेलो असतो आणि पलीकडचा बोगदा कोणाचाच उरला नसता. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. बाबांना विचारू नका, त्यांना मी शेवटी सांगितलं.

ते सांगायला मी मुद्दाम घरी गेले. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. बाबा अंगणात बसले होते, मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, मिठागरापासून स्लॅबपर्यंत. बाबांनी आयुष्यभर बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त केल्यात. मधे बोलत नाहीत, शेवटपर्यंत ऐकतात.

मग त्यांनी एकच विचारलं. "मी असेपर्यंत येईल का गं?"

"माहीत नाही, बाबा."

आतून आईनं चहा झाल्याची हाक दिली, तरी बाबा उठले नाहीत.

"त्या मुलुंडच्या बाईंचा पुढचा स्लॅब कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात असेल. का?"

"जाऊ या," बाबा म्हणाले. "आपल्याकडूनही कोणीतरी जायला पाहिजे."